अ‍ॅमस्ट्रॅड पीसीडब्ल्यू

अ‍ॅमस्ट्रॅड पीसीडब्ल्यू ही अ‍ॅमस्ट्रॅड या ब्रिटिश कंपनीची वैयक्तिक संगणकांची मालिका होय. तिचे पहिले प्रारूप, पीसीडब्ल्यू ८२५६, सप्टेंबर १९८५ मध्ये बाजारात आले आणि मालिकेचे उत्पादन १९९८ मध्ये थांबले. पीसीडब्ल्यू हे ‘पर्सनल कॉम्प्युटर वर्ड-प्रोसेसर’ या नावाचे संक्षिप्त रूप आहे. मॉनिटर, कळफलक, फ्लॉपी ड्राइव्ह, प्रिंटर आणि मजकूर लिहिण्याची आज्ञावली या सर्व गोष्टी एकाच खोक्यात आणि एकाच किमतीत देणे हे या संगणकाचे मुख्य वैशिष्ट्य होते. ही किंमत ३९९ पौंड अधिक मूल्यवर्धित कर अशी होती. घरातून काम करणारे व्यावसायिक, लहान दुकानदार, लेखक, विद्यार्थी, चर्च व स्थानिक मंडळांचे चिटणीस अशा वर्गाला कार्यालयीन दर्जाची पत्रे व दस्तऐवज तयार करण्याचे साधन परवडणाऱ्या किमतीत प्रथमच मिळाले ते प्रामुख्याने या यंत्रामुळे.

तांत्रिकदृष्ट्या पीसीडब्ल्यू त्याच्या काळातही आधुनिक नव्हता. त्याचा प्रोसेसर १९७६ सालचा, कार्यप्रणाली मागे पडत चाललेली आणि फ्लॉपीचा आकार इतर बहुतेक संगणकांपेक्षा वेगळा होता. तरीही युरोपच्या बाजारपेठेत त्याने काही वर्षे आयबीएमसारख्या कंपनीच्या खालोखाल स्थान मिळवले. त्यामुळे संगणकाच्या इतिहासात या मालिकेचा उल्लेख नव्या शोधापेक्षा किंमत, रचना आणि ग्राहक यांची सांगड घालण्याचे उदाहरण म्हणून अधिक येतो.

पार्श्वभूमी

अ‍ॅमस्ट्रॅड ही कंपनी अ‍ॅलन शुगर यांनी १९६८ मध्ये स्थापन केली. ‘अ‍ॅलन मायकेल शुगर ट्रेडिंग’ या शब्दांवरून तिचे नाव तयार झाले. सुरुवातीच्या काळात ती स्वस्त ध्वनिसंच व तत्सम घरगुती उपकरणे विकत असे. रेकॉर्ड प्लेअर, रेडिओ, कॅसेट प्लेअर व अ‍ॅम्प्लिफायर वेगवेगळे घेण्याऐवजी एकाच पेटीत, एकाच वीजजोडणीवर चालणारा संच ग्राहकाला द्यावा, ही कल्पना कंपनीने या धंद्यात आत्मसात केली होती. १९८४ मध्ये आलेला तिचा पहिला संगणक सीपीसी ४६४ हाही याच धर्तीवर बनवलेला होता. त्याच्यासोबत मॉनिटर मिळत असे आणि कॅसेट यंत्र कळफलकाच्या पेटीतच बसवलेले असे.

१९८४ च्या नाताळानंतर ब्रिटनमधील घरगुती संगणकांची बाजारपेठ अचानक मंदावली. खेळांसाठी संगणक घेणाऱ्यांची पहिली लाट ओसरली होती. बीबीसी मायक्रो बनवणारी अ‍ॅकॉर्न ही कंपनी आर्थिक अडचणीत येऊन १९८५ मध्ये इटलीच्या ऑलिव्हेट्टीच्या ताब्यात गेली. सिंक्लेअर कंपनीचा संगणक व्यवसाय तर एप्रिल १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडनेच ५० लाख पौंडांना विकत घेतला. संगणक घरात आणून नेमके करायचे काय, या प्रश्नाला खेळांपलीकडचे उत्तर देणे ही त्या वेळी या धंद्यातील प्रत्येक कंपनीची निकड झाली होती.

कार्यालयीन संगणकांच्या बाजूने पाहिल्यास चित्र वेगळे, पण तितकेच अडचणीचे होते. आयबीएम पीसी किंवा त्याच्याशी सुसंगत यंत्र घ्यायचे तर ब्रिटनमध्ये हजार पौंडांहून अधिक खर्च येई आणि प्रिंटर व आज्ञावली यांचा खर्च त्याहून निराळा. केवळ शब्दसंस्करणासाठी बनवलेली मोठ्या कंपन्यांची यंत्रे त्याहूनही महाग होती. घरगुती संगणकांपैकी बीबीसी मायक्रोच्या ‘मॉडेल बी’ची किंमतही ३९९ पौंडच होती, परंतु त्या पैशांत कळफलकाची पेटी तेवढी मिळे. मॉनिटर, फ्लॉपी ड्राइव्ह, तिला लागणारा जोडभाग, प्रिंटर आणि लेखनाची आज्ञावली अशी भर घालत गेल्यावर एकूण रक्कम दुपटीच्या पुढे जाई. शिवाय हे सर्व भाग एकमेकांशी जुळतील की नाही, हे ग्राहकानेच पाहायचे असे. ज्याला महिन्याकाठी काही बिले, पत्रे व एखादा अहवाल टंकलिखित करायचा आहे, त्याच्यापुढे व्यवहारात एकच पर्याय उरे, तो म्हणजे टंकलेखन यंत्र.

कल्पना व विकास

पूर्व आशियाच्या एका विमानप्रवासात शुगर यांनी या यंत्राचे पहिले रेखाचित्र काढले, असे सांगितले जाते. त्यात मॉनिटर, संगणक आणि प्रिंटर हे तिन्ही एकाच पेटीत कल्पिलेले होते. टंकलेखन यंत्राची जागा घेणारे यंत्र दिसायलाही एकसंध असावे हा त्यामागचा विचार होता. पुढे प्रिंटर वेगळा करावा लागला. मात्र ‘एक खरेदी, एक वीजजोडणी, एक काम’ हे सूत्र कायम राहिले. प्रकल्पाचे अंतर्गत नाव ‘जॉइस’ असे होते. ते शुगर यांच्या सचिवांचे नाव. जर्मनीत श्नायडर कंपनीने हा संगणक विकला तेव्हा त्याचे व्यापारी नावही ‘जॉइस’ हेच ठेवण्यात आले.

सीपीसी ४६४ घडवणारे बहुतेक हात या यंत्रामागेही होते. अ‍ॅमस्ट्रॅडच्या बाजूने तांत्रिक व्यवस्थापन रोलंड पेरी यांच्याकडे होते. यंत्रभागाची रचना एमईजे इलेक्ट्रॉनिक्सने केली आणि आज्ञावली लोकोमोटिव्ह सॉफ्टवेअरने लिहिल्या. लोकोमोटिव्ह ही रिचर्ड क्लेटन आणि ख्रिस हॉल यांनी स्थापन केलेली छोटी कंपनी असून तिचे कार्यालय सरे परगण्यातील डॉर्किंग येथे होते. अ‍ॅमस्ट्रॅडने स्वतःकडे मोठा अभियंतावर्ग न बाळगता परिचित बाहेरच्या संस्थांकडून ठरावीक मुदतीत काम करून घेतले. उत्पादन खर्चाबरोबर विकासाचा खर्चही त्यामुळे मर्यादित राहिला.

काळही अनुकूल होता. १९८५ मध्ये मेमरी चिपच्या किमती जगभर कोसळल्या. बहुतेक आठ-बिट घरगुती संगणकांत ६४ किलोबाइट किंवा त्याहून कमी मेमरी असताना पीसीडब्ल्यू ८२५६ मध्ये २५६ किलोबाइट मेमरी देणे शक्य झाले, ते या घसरणीमुळे.

यंत्ररचना

पीसीडब्ल्यू ८२५६ मध्ये झायलॉग कंपनीच्या झेड-८० मालिकेतील, ४ मेगाहर्ट्झ वेगाचा प्रोसेसर होता. हा आठ-बिट प्रोसेसर एका वेळी ६४ किलोबाइट मेमरीच पाहू शकतो. त्यामुळे २५६ किलोबाइट मेमरीचे १६ किलोबाइटचे तुकडे पाडून ते गरजेप्रमाणे प्रोसेसरसमोर आणण्याची व्यवस्था करण्यात आली. प्रोसेसर जुना व अनेक उत्पादकांकडून मिळणारा असल्याने अत्यंत स्वस्त होता. मजकूर लिहिण्याच्या कामात यंत्राचा बराचसा वेळ माणसाच्या बोटांची वाट पाहण्यातच जातो. तेथे वेगवान प्रोसेसरवर पैसे खर्चण्याऐवजी ते मेमरी व प्रिंटरवर खर्चणे हा हिशेब या रचनेत स्पष्ट दिसतो.

मॉनिटर हिरव्या अक्षरांचा, एकरंगी होता. त्यावर ७२० गुणिले २५६ बिंदू, म्हणजेच ९० अक्षरांच्या ३२ ओळी मावत. त्या काळच्या आयबीएम पीसीवर ८० अक्षरांच्या २५ ओळी दिसत. टीव्हीला जोडल्या जाणाऱ्या घरगुती संगणकांवर तर बहुधा ४० अक्षरांचीच ओळ सुवाच्य राही. ए-४ कागदावरील ओळ पडद्यावर न तुटता दिसणे, ही पत्रे लिहिणाऱ्याच्या दृष्टीने रंगीत चित्रांपेक्षा महत्त्वाची सोय होती. पडद्यावरील मजकूर वर सरकवताना २३ किलोबाइटची चित्रमाहिती दर वेळी हलवणे संथ प्रोसेसरला जड गेले असते. म्हणून प्रत्येक आडव्या रेषेची माहिती मेमरीत कोठे आहे, एवढेच दर्शवणारा एक तक्ता ठेवण्यात आला. मजकूर सरकवायचा म्हणजे तक्त्यातील निर्देश बदलायचे. या युक्तीला ‘रोलर रॅम’ असे नाव होते.

प्रोसेसर, मेमरी आणि प्रिंटर यांच्या आसपासची बहुतेक जोडणी एका खास बनवून घेतलेल्या चिपमध्ये सामावली होती. परिणामी मूळ मंडलफलकावरील भागांची संख्या फार कमी झाली. काटकसर किती बारकाईने केली होती याचे एक नमुनेदार उदाहरण म्हणजे या संगणकात प्रारंभिक आज्ञांसाठी वेगळी रॉम चिपच नव्हती. वीज सुरू होताच लागणाऱ्या मोजक्या आज्ञा प्रिंटर नियंत्रित करणाऱ्या चिपमधील स्मृतीत ठेवलेल्या होत्या. प्रोसेसर त्या तेथून वाचून घेई आणि पुढचे सर्व काही फ्लॉपीवरून आणी. फ्लॉपी न घालता यंत्र सुरू केले तर पडदा नुसता उजळलेला राही.

संगणकाचे सर्व विद्युतभाग मॉनिटरच्या पेटीतच होते आणि फ्लॉपी ड्राइव्हही त्याच पेटीत, पडद्याच्या उजवीकडे बसवलेली होती. वीजपुरवठाही तेथूनच होत असल्याने कळफलक व प्रिंटर त्या पेटीला जोडले जात आणि भिंतीतील प्लग एकच लागे.

कळफलकाची मांडणी या यंत्राच्या हेतूशी पूर्णपणे जुळती होती. सर्वसाधारण संगणकावर नियंत्रण-कळ आणि एखादे अक्षर एकत्र दाबून जी कामे करावी लागत, त्यांपैकी अनेकांसाठी येथे स्वतंत्र, नाव छापलेल्या कळा होत्या. मजकूर कापणे, नक्कल करणे, चिकटवणे, शोधणे, बदलणे, शब्दाच्या, परिच्छेदाच्या किंवा पानाच्या शेवटी जाणे, तसेच प्रिंटरची सूत्रे हाती घेणे या सर्वांसाठी वेगळ्या कळा दिलेल्या होत्या. ‘कट’ व ‘पेस्ट’ हे शब्द ज्यांनी पूर्वी संगणकाच्या संदर्भात ऐकले नव्हते अशा अनेकांना ते प्रथम या कळांवर दिसले.

फ्लॉपी

या मालिकेच्या पहिल्या प्रारूपांत ३ इंची फ्लॉपी वापरलेली होती. कठीण प्लास्टिकच्या आवरणातील ही फ्लॉपी जपानमध्ये विकसित झाली होती आणि सीपीसी मालिकेतही अ‍ॅमस्ट्रॅड तीच वापरत असे. साडेतीन इंची फ्लॉपी हळूहळू सर्वमान्य होत असल्याने ३ इंची ड्राइव्ह कंपनीला स्वस्तात मिळत. पीसीडब्ल्यू ८२५६ च्या ड्राइव्हमध्ये फ्लॉपीच्या एका बाजूवर १८० किलोबाइट माहिती मावे. दुसरी बाजू वापरायची तर फ्लॉपी काढून उलटी घालावी लागे. ड्राइव्हमध्ये वाचलेले पैसे ग्राहकाला पुढे फ्लॉपी विकत घेताना काही अंशी मोजावे लागत, कारण ३ इंची फ्लॉपी कमी ठिकाणी आणि चढ्या भावाने मिळे.

एकच ड्राइव्ह असण्याची अडचण मेमरीने काही प्रमाणात भरून काढली. २५६ किलोबाइटपैकी सुमारे ११२ किलोबाइट भाग ‘एम’ नावाची काल्पनिक ड्राइव्ह म्हणून वापरता येई. ती खऱ्या फ्लॉपीपेक्षा कितीतरी वेगवान होती. मात्र वीज जाताच तीवरील सर्व मजकूर नाहीसा होई. काम संपवताना दस्तऐवज फ्लॉपीवर उतरवून ठेवण्याची सवय प्रत्येक वापरकर्त्याला लावून घ्यावी लागली, आणि ती पुष्कळदा एखादे प्रकरण गमावल्यावरच लागे.

प्रिंटर

पीसीडब्ल्यूच्या किमतीचे रहस्य शोधताना सर्वाधिक लक्ष प्रिंटरकडे द्यावे लागते. त्या काळी स्वतंत्र बिंदुमुद्रण प्रिंटरमध्ये स्वतःचा प्रोसेसर, स्वतःची मेमरी, अक्षरांचा संच, वीजपुरवठा आणि कळांची पट्टी असे. म्हणजे प्रिंटर हा स्वतःच एक लहान संगणक असे. शेजारी संगणक असताना हे सर्व दोनदा का विकत घ्यावे, असा प्रश्न अ‍ॅमस्ट्रॅडने विचारला. तिच्या प्रिंटरमध्ये मुद्रणाची यांत्रिक जुळणी तेवढी ठेवली गेली. सुया केव्हा मारायच्या, कागद किती सरकवायचा हे सर्व मुख्य संगणकातून ठरे आणि वीजही तेथूनच येई. कागद सरकवणे, तो संपला आहे की नाही पाहणे, छपाईचा दर्जा निवडणे ही कामे कळफलकावरील प्रिंटरच्या कळेने आणि पडद्यावरील ओळीतून होत.

छपाईचे दोन दर्जे होते. मसुद्याच्या दर्जात प्रिंटर सेकंदाला सुमारे ९० अक्षरे छापी. चांगल्या दर्जात छपाईचे डोके त्याच ओळीवरून दोनदा फिरे, बिंदूंमधील फटी भरून निघत आणि वेग सेकंदाला सुमारे २० अक्षरांवर येई. सुटा कागद घालताच तो आपोआप नेमक्या जागी ओढून घेण्याची सोय होती. सलग घडीचा कागद वापरण्यासाठी दातेरी जोडभागही सोबत मिळे. बँकेला किंवा वकिलाला पाठवायच्या पत्रासाठी दुसरा दर्जा पुरेसा मानला जाई, तथापि टंकलेखन यंत्राच्या ठसठशीत अक्षराची त्याला सर नव्हती. ही उणीव पुढच्या प्रारूपात दूर करण्याचा प्रयत्न झाला.

या काटकसरीची दुसरी बाजू अशी की हा प्रिंटर इतर कोणत्याही संगणकाला जोडता येत नसे आणि इतर कोणताही प्रिंटर या संगणकाला थेट जोडता येत नसे. त्यासाठी सीपीएस ८२५६ हा जोडभाग वेगळा विकत घ्यावा लागे.

लोकोस्क्रिप्ट

लोकोस्क्रिप्ट ही पीसीडब्ल्यूसोबत मिळणारी शब्दसंस्करण आज्ञावली होती. ती कोणत्याही कार्यप्रणालीवर अवलंबून नव्हती. लोकोस्क्रिप्टची फ्लॉपी घालून यंत्र सुरू केले की थेट दस्तऐवजांची यादी पडद्यावर येई. कार्यप्रणालीच्या आज्ञा टाइप करणे, फाइल कोणत्या ड्राइव्हवर आहे ते अक्षराने सांगणे, आज्ञावलीचे नाव पाठ ठेवणे हे काहीच करावे लागत नसे. ज्याने आयुष्यात संगणक हाताळला नाही त्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा होता.

दस्तऐवज गटांमध्ये ठेवले जात आणि प्रत्येक गटासाठी एक साचा ठरवता येई. पत्रांच्या गटात नवा दस्तऐवज उघडला की पत्त्याचा मथळा, समास व अक्षराचा आकार आधीच तयार असे. बिलांच्या गटात बिलाचा नमुना येई. खोडलेला दस्तऐवज लगेच नष्ट होत नसे. तो ‘लिंबो’ नावाच्या अधांतरी अवस्थेत राही आणि फ्लॉपीवर जागेची गरज पडेपर्यंत परत मिळवता येई. आजच्या संगणकांवरील कचरापेटीची ही सोय १९८५ मध्ये स्वस्त यंत्रावर असणे उल्लेखनीय आहे.

ठळक, अधोरेखित, तिरपी, लहानमोठी अक्षरे निवडण्यासाठी अधिक व उणे चिन्हांच्या दोन कळा होत्या. अधिकची कळ दाबल्यावर कोणते वैशिष्ट्य सुरू करायचे याची यादी उघडे, उण्याची कळ दाबल्यावर कोणते बंद करायचे त्याची. ज्याला यादी नको असेल तो आद्याक्षरे सलग टाइप करून तेच काम करू शके. युरोपीय भाषांतील स्वरचिन्हे पडद्यावर आणि कागदावर सारखीच उमटत, कारण दोन्हीकडची अक्षरे एकाच संगणकाच्या ताब्यात होती. सुटे भाग जोडून बनवलेल्या संचांत ही साधी गोष्टही पुष्कळदा जमत नसे. लोकोस्क्रिप्टच्या दुसऱ्या आवृत्तीत ग्रीक व सिरिलिक लिप्यांचाही समावेश झाला.

पहिल्या आवृत्तीवर संथपणाचा आरोप सर्वाधिक झाला आणि तो योग्य होता. दस्तऐवज मोठा होऊ लागला की शेवटच्या पानावर जायला बराच वेळ लागे. त्यामुळे कादंबरी लिहिणारे प्रत्येक प्रकरणाचा वेगळा दस्तऐवज करीत. शुद्धलेखन तपासणी आणि एकच पत्र अनेकांना नावे बदलून पाठवण्याची सोय या गोष्टी मूळ आज्ञावलीत नव्हत्या. ‘लोकोस्पेल’ व ‘लोकोमेल’ या नावांनी त्या पुढे स्वतंत्रपणे विकल्या गेल्या.

सीपी/एम व इतर आज्ञावली

लेखनाचे यंत्र म्हणून विकला गेला तरी पीसीडब्ल्यू हा पूर्ण अर्थाने संगणक होता. त्याच्यासोबत सीपी/एम प्लस ही कार्यप्रणाली, लोकोमोटिव्हची ‘मॅलार्ड बेसिक’ आणि ‘डॉ. लोगो’ या संगणकभाषा दिलेल्या होत्या. मॅलार्ड हे १९३८ मध्ये वाफेच्या इंजिनांचा वेगाचा विक्रम करणाऱ्या ब्रिटिश इंजिनाचे नाव. कंपनीच्या आगगाडीप्रेमाचा हा आणखी एक पुरावा.

सीपी/एम ही गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकात तयार केलेली कार्यप्रणाली लहान कार्यालयांत एकेकाळी सर्वमान्य होती. आयबीएम पीसीच्या आगमनानंतर तिची पीछेहाट सुरू झाली. पीसीडब्ल्यूला या पीछेहाटीचा फायदाच झाला. सीपी/एमसाठी लिहिलेल्या, वर्षानुवर्षे तपासल्या गेलेल्या आज्ञावली तयार होत्या आणि त्यांच्या मालकांना त्या मूळ किमतीला विकणे आता शक्य नव्हते. त्यामुळे सुपरकॅल्क २, डीबेस २, वर्डस्टार यांसारखी नावाजलेली उत्पादने पीसीडब्ल्यूच्या ग्राहकांना बरीच स्वस्त मिळाली. हिशेब, मालसाठा, पगारपत्रक अशा कामांसाठीही आज्ञावली उपलब्ध झाल्या. ‘स्टॉप प्रेस’सारख्या पानमांडणीच्या आज्ञावलीवर गावोगावची वार्तापत्रे निघाली. एकरंगी पडदा आणि नावापुरता आवाज असूनही ‘हेड ओव्हर हील्स’ व ‘बॅटमॅन’ यांसारखे खेळ त्यावर आले, हे कंपनीच्याही अपेक्षेपलीकडचे असावे.

लोकोस्क्रिप्टमधून सीपी/एमकडे जायचे तर फ्लॉपी बदलून यंत्र पुन्हा सुरू करावे लागे. अनेक वापरकर्ते त्या दुसऱ्या फ्लॉपीकडे कधी वळलेच नाहीत.

किंमत व विक्री

३९९ पौंड ही किंमत कर वगळून होती. त्या वेळी ब्रिटनमध्ये मूल्यवर्धित कराचा दर १५ टक्के असल्याने ग्राहकाला प्रत्यक्षात ४५८ पौंड ८५ पेन्स मोजावे लागत. घरगुती संगणकांच्या किमती कर धरून आणि कार्यालयीन उपकरणांच्या किमती कर वगळून छापण्याचा प्रघात होता. पीसीडब्ल्यूने दुसरा प्रघात पाळला. त्यामुळे आकडा लहान दिसला आणि हे यंत्र कोणत्या रांगेत उभे राहू पाहते तेही सूचित झाले. नोंदणीकृत व्यावसायिकांना हा कर परत मिळवता येत असल्याने त्यांच्यासाठी मूळ आकडाच खरा होता.

विक्री संगणकांच्या खास दुकानांपुरती मर्यादित न ठेवता डिक्सन्ससारख्या घरगुती विद्युत उपकरणांच्या साखळी दुकानांतून झाली. जाहिरातींत तुलना दुसऱ्या संगणकाशी न करता टंकलेखन यंत्राशी केली जाई. ही निवड महत्त्वाची ठरली. संगणक म्हणून पाहिल्यास पीसीडब्ल्यूमध्ये उणिवा काढता येत होत्या. टंकलेखन यंत्र म्हणून पाहिल्यास एक चूक दुरुस्त करण्यासाठी पूर्ण पान पुन्हा टंकलिखित करावे न लागणारे यंत्र ग्राहकाच्या हाती येत होते.

ब्रिटनमध्ये पहिल्या दोन वर्षांत सुमारे ७ लाख यंत्रे विकली गेली. मालिकेच्या संपूर्ण आयुष्यातील विक्रीसाठी ८० लाखांचा आकडा सामान्यतः दिला जातो. ‘८००० प्लस’ हे केवळ या संगणकाला वाहिलेले मासिक १९८६ मध्ये सुरू झाले. पुढे ‘पीसीडब्ल्यू प्लस’ या नावाने ते १९९६ पर्यंत चालले. अमेरिकेत हा संगणक ७९९ डॉलरला आणला गेला. परंतु तेथे आयबीएमशी सुसंगत यंत्रे व सुटे प्रिंटर आधीच स्वस्त झालेले असल्याने एकत्रित संचाचे आकर्षण ब्रिटनइतके टिकले नाही.

पुढील प्रारूपे

पीसीडब्ल्यू ८५१२ मध्ये ५१२ किलोबाइट मेमरी आणि ७२० किलोबाइट क्षमतेची दुसरी ड्राइव्ह होती. त्याची किंमत ४९९ पौंड अधिक कर अशी ठेवण्यात आली. ज्यांना हिशेबाच्या किंवा माहितीसंग्रहाच्या आज्ञावली वापरायच्या होत्या त्यांच्यासाठी हे प्रारूप अधिक सोयीचे होते. १९८७ मध्ये आलेल्या पीसीडब्ल्यू ९५१२ चा पडदा पांढरा होता आणि त्याचा प्रिंटर ‘डेझीव्हील’ पद्धतीचा होता. फुलाच्या पाकळ्यांसारख्या चाकावरील घडीव अक्षर फितीवर आपटून उमटत असल्याने छपाई टंकलेखन यंत्रासारखीच दिसे. मात्र अशा प्रिंटरवर चित्रे काढता येत नव्हती आणि त्याचा आवाजही मोठा होता. याच प्रारूपात इतर प्रिंटर जोडण्याची सोय प्रथमच यंत्रातच देण्यात आली.

दरम्यान सप्टेंबर १९८६ मध्ये अ‍ॅमस्ट्रॅडने पीसी १५१२ हा आयबीएम पीसीशी सुसंगत संगणक आणला होता. त्याचे सर्वांत साधे प्रारूपही ३९९ पौंड अधिक कर याच किमतीला मिळे, फक्त त्यात प्रिंटर नव्हता. पीसीडब्ल्यूचा सर्वांत गंभीर स्पर्धक अशा प्रकारे त्याच कंपनीतून निघाला. एकाच आज्ञावलीवर समाधानी असणाऱ्याला पीसीडब्ल्यू अजूनही स्वस्त पडे. पण ज्याला कार्यालयातील फाइल घरी आणायची होती त्याला सुसंगत यंत्राचीच गरज होती, आणि अशा लोकांची संख्या दरवर्षी वाढत गेली.

१९९१ मध्ये पीसीडब्ल्यू ९२५६ या प्रारूपाबरोबर ३ इंची फ्लॉपी सोडून साडेतीन इंची फ्लॉपी स्वीकारण्यात आली. १९९३ मध्ये पीसीडब्ल्यू १० आला, पण आतील रचना फारशी बदलली नाही. १९९५ चा पीसीडब्ल्यू १६ हा मात्र जवळजवळ नवा संगणक होता. त्यात माउसने चालणारा, चित्ररूप पडदा होता. त्याचा प्रोसेसर झेड-८० घराण्यातलाच, १६ मेगाहर्ट्झचा होता, तरी जुन्या प्रारूपांच्या आज्ञावली त्यावर चालत नव्हत्या. जुन्या ग्राहकाला त्याच्याकडे ओढणारे काही उरले नव्हते आणि नवा ग्राहक तेवढ्याच सुमारास आलेल्या विंडोज ९५ कडे पाहत होता. वापरलेला पीसी आणि स्वस्त इंकजेट प्रिंटर एकत्र घेणे आता अवघड नव्हते. १९९८ मध्ये उत्पादन बंद झाले.

जुन्या दस्तऐवजांचा प्रश्न

पीसीडब्ल्यूवर १९८० व १९९० च्या दशकांत लिहिलेली हस्तलिखिते, संशोधनप्रबंध, संस्थांची इतिवृत्ते व खासगी पत्रव्यवहार आजही ३ इंची फ्लॉपींवर आढळतात. ते वाचण्यात तीन अडथळे आहेत. या आकाराच्या ड्राइव्ह आता बनत नाहीत. जुन्या ड्राइव्हमधील रबरी पट्टा कालांतराने सैल पडतो किंवा चिकट होऊन तुटतो, आणि तो बदलल्याशिवाय फ्लॉपी योग्य वेगाने फिरत नाही. त्यापुढचा अडथळा फाइलींच्या स्वरूपाचा आहे. लोकोस्क्रिप्टचे दस्तऐवज साध्या मजकुराच्या रूपात नसून त्यांत मांडणीची चिन्हे मिसळलेली असतात. आज्ञावलीतच साधा मजकूर वेगळा काढण्याची सोय होती, पण ती वापरण्यासाठी चालू स्थितीतील यंत्र लागते. लोकोमोटिव्हने ‘लोकोलिंक’ नावाच्या जोडणीद्वारे दस्तऐवज पीसीवर नेण्याचा मार्ग काढला होता. त्या काळात ज्यांनी तो वापरला नाही त्यांचे काम आता जुने ड्राइव्ह दुरुस्त करून फ्लॉपीची हुबेहूब प्रत उतरवून घेणाऱ्या हौशी व व्यावसायिक तंत्रज्ञांवर अवलंबून आहे. अशी प्रत मिळाल्यावर ती आजच्या संगणकावर पीसीडब्ल्यूचे अनुकरण करणाऱ्या आज्ञावलीत उघडता येते. अशा आज्ञावलींपैकी सर्वाधिक परिचित असलेलीचे नाव ‘जॉइस’ असेच आहे.